लॅबचे मामा

मे महिन्यातला पाण्याचा दिवस होता. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हा शब्द उलगडून सांगावा लागत नाही. नळ कितव्या दिवशी येणार, यावर इथे घरातली धुणी ठरतात, पाहुण्यांना बोलावण्याचे दिवससुद्धा ठरतात. मी सिडकोत सरांच्या घरी पोचले तेव्हा सर पायजमा दुमडून अंगणात उभे होते. हातात पाईप, समोर दोनशे लिटरचे तीन निळे ड्रम. "बस जरा," म्हणाले. मी बसले नाही. बादल्या उचलून आत नेऊ लागले, आणि आमचं सगळं बोलणं पाणी भरता भरताच झालं.

वाळूजला एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये मी अकरा वर्षं आहे. आम्ही चारपाच केमिस्टांनी मिळून आसपासच्या कॉलेजांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरवलं होतं : प्रयोगशाळेत रसायनं सुरक्षित कशी हाताळावीत. सरांनी मला बीएस्सीला शिकवलंय, तालुक्याच्या एका कॉलेजात. पहिलं सत्र त्यांनी घ्यावं म्हणून मी आले होते. सोबत कार्यक्रमपत्रिका होती, आणि प्रत्येक प्रयोगशाळेत किमान काय हवं याची यादी : चष्मे, सुती ॲप्रन, हातमोजे, फ्यूम हूड, आयवॉश, शॉवर, सांडलेलं रसायन आवरायचं साहित्य, प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक.

सरांनी पाईप माझ्या हातात दिला, हात पुसले आणि यादी वाचली. दोनदा वाचली.

"ही यादी तू प्राचार्यांच्या हातात देणार?"

"हो सर. लेखी दिल्याशिवाय कोणी काही घेत नाही."

"मग मी येणार नाही. हा कागद फाईलला लागला की काय होईल सांगतो. यादीतलं काही येणार नाही, पण 'साधनं उपलब्ध होईपर्यंत प्रॅक्टिकल घेऊ नये' असं एक पत्र निघेल. लेकरं व्हिडिओ बघून जर्नल उतरवतील. आत्ताच अर्ध्या ठिकाणी तेच चालू आहे. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेला पोरगा म्हणून मी मिलिंद कॉलेजच्या लॅबमध्ये ब्युरेट हातात धरली. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं ते आमच्यासारख्यांच्या हातात अशा वस्तू याव्यात म्हणूनच. टायट्रेशनमध्ये शेवटचा थेंब पडतो आणि रंग पालटतो, तेव्हा बोटांना जे कळतं ते कोणत्या पडद्यावर कळणार? तुझ्या सुरक्षिततेच्या नावाखाली ते बंद झालं, तर आमच्या पोरांचं नुकसान तुझ्या ॲसिडपेक्षा मोठं आहे."

मला राग आला. सरांचा आला नाही. पण 'सुरक्षितता म्हणजे अडवणूक' हे मी वाळूजला नव्या सुपरवायझरांच्या तोंडूनही ऐकते, आणि त्याचा शेवट कुठे होतो हेही पाहते. मी म्हटलं, "सर, शेरी संगजी २३ वर्षांची होती."

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत २९ डिसेंबर २००८ ला ती सिरिंजमध्ये टर्शरी ब्युटिल लिथियम ओढत होती. हवा लागली की आपोआप पेटणारं हे रसायन. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगात लॅबकोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. बरोबर एका वर्षानं, त्याच तारखेला, २००९ मध्ये मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. ५ डिसेंबर २०१८ ला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट झाला, एक संशोधक गेला. मी एका दमात हे सगळं सांगितलं.

"ह्या मोठ्या जागा झाल्या," सर म्हणाले. "आपल्या पोरी ब्युटिल लिथियमची बाटली बघतसुद्धा नाहीत."

"स्वेटर बघतात ना, सर? आपल्याकडे त्याचं नाव ओढणी. पॉलिएस्टरची, बर्नरच्या बाजूला लोंबणारी. सुती कापड जळतं, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. हे सांगायला एक पैसा लागत नाही आणि तेही कोणी सांगत नाही."

सर गप्प झाले. पहिला ड्रम भरला होता. मी पाईप दुसऱ्यात टाकला.

मग ते म्हणाले, "मला सांग, वस्तूंनी माणूस वाचतो का? ती डार्टमथची बाई आठव, कॅरन वेटरहान. विषारी धातूंचं शरीरात काय होतं, हाच तिचा विषय. फ्यूम हूड होता, हातमोजे होते. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे एकदोन थेंब हातमोज्यावर पडले. पुढच्या जूनमध्ये ती गेली. तुझ्या यादीत 'हातमोजे' एवढंच लिहिलंय."

हे त्यांचं बरोबर होतं. वेटरहान यांच्या हातात लॅटेक्सचे हातमोजे होते. नंतर चाचण्या झाल्या तेव्हा कळलं, की ते रसायन लॅटेक्समधून पंधरा सेकंदांच्या आत आरपार जातं. हातमोजा कोणत्या रसायनासाठी, हे कळल्याशिवाय तो नुसता रबराचा तुकडा. आमच्या लॅबमध्ये ॲसिटोनला एक, क्लोरोफॉर्मला दुसरा असे वेगळे हातमोजे आहेत, आणि नव्या मुलाला ते कळायला महिना जातो. मी यादीत त्या ओळीपुढे फुली मारली. तिथे वस्तूच्या जागी वाक्य हवं होतं.

आतापर्यंत आम्ही दोघंही एक गोष्ट टाळत होतो. ती काढली सरांनीच.

"तुला मामा आठवतात?"

आठवतात म्हणजे काय. आमच्या कॉलेजातले प्रयोगशाळा परिचर. त्यांना सगळे मामाच म्हणायचे. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो, विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा, उन्हाळा. स्टोअररूम म्हणजे पत्र्याची खोली. मामा लायकर अमोनियाची, म्हणजे अमोनियाच्या संहत द्रावणाची, नवी बाटली घेऊन आले आणि नेहमीसारखं दोन्ही गुडघ्यांत धरून झाकण फिरवलं. फवारा सरळ तोंडावर. बेसिनच्या नळाला पाणी नव्हतं. कोणी पिण्याचा माठ आणला, कोणी दूध आणायला पळालं. ग्लासाग्लासानं त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत आम्ही उभे, आणि ते शहरात दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास गेले. उजव्या डोळ्यावर पांढुरका पडदा आला तो कायमचा. ते त्यानंतरही निवृत्त होईपर्यंत त्याच लॅबमध्ये बाटल्या भरत राहिले.

ती चूक कोणाची, हे मला रसायनशास्त्र नीट शिकल्यावर कळलं. पंचवीस टक्क्यांचा लायकर अमोनिया साधारण ३८ अंशांना उकळायला लागतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली पारा चाळीसच्या वर असतो. म्हणजे ती बाटली बंद झाकणाच्या आत उकळण्याच्या बेतात होती आणि झाकण निघण्याची वाट बघत होती. डायएथिल इथरची गत त्याहून वाईट, तो ३४.६ अंशांनाच उकळतो. ही पुस्तकं थंड देशांत लिहिलेली, त्यांत 'सामान्य तापमानाला साठवा' असं असतं. आमचं सामान्य तापमान वेगळं आहे हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. बाटली उघडण्याआधी अर्धा तास गार पाण्यात ठेवायची, झाकणावर ओलं फडकं टाकायचं, तोंड बाजूला करायचं, झाकण एकदम न फिरवता हळूहळू सैल करायचं. एवढीच विद्या. ती आमच्या सगळ्या प्राध्यापकांना येत होती.

"मला येत होती," सर म्हणाले. "मी स्टाफरूममध्ये व्हायवाचे मार्क भरत होतो. आणि तुला सांगतो, चौदा वर्षांच्या नोकरीत मामांना बसवून हे सांगावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. ते ॲसिड पातळ करून द्यायचे, बाटल्या भरायचे, उरलेलं टाकायचे. आम्ही शिकवत होतो कोणाला? तर दहा मिली सौम्य ॲसिड वापरणाऱ्या पोरांना. अडीच लिटरची बाटली उचलणाऱ्याला कोणी शिकवलं?"

मग त्यांनी माझी कार्यक्रमपत्रिका उलटी केली. "तुझ्या बोलावण्यात कोण आहे? विभागप्रमुख, प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी. मामा कुठे आहेत?"

मामा नव्हते. मी लिहिलेल्या पत्रिकेत, ज्यांच्या डोळ्यावर मी स्वतः पाणी मारलं होतं, ते नव्हते. 'प्रयोगशाळा कर्मचारी' असासुद्धा शब्द नव्हता. अंगणात उन्हात उभी असून मला थंडी वाजल्यासारखं झालं.

हे फक्त माझ्याकडून झालेलं विसरणं नाही, असं मला आता वाटतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीनं कारखाने अधिनियमात १११ अ हे कलम आलं : कामगाराला आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क, प्रशिक्षण मिळण्याचा हक्क. वाळूजच्या शेडमध्ये सल्फ्युरिकचा कॅन उचलणाऱ्या मुलाला कायद्यानं एवढं दिलं. तेच सल्फ्युरिक कॉलेजात उचलणारे मामा कारखान्यातले कामगार नाहीत. भारतीय मानक ब्युरोची रासायनिक प्रयोगशाळांसाठी सुरक्षा संहिता आहे, आयएस ४२०९. पण ती कपाटातून काढून मामांना त्यांच्या भाषेत कोण वाचून दाखवणार? आमच्याकडे ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो, शपथ होते, पोस्टर लागतात. कॉलेजांत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो. मध्ये जेमतेम चार दिवस, आणि वाळूजहून विद्यापीठाकडे जायला तासभरही लागत नाही. तरी ह्या दोन दिवसांची एकमेकांशी ओळख नाही.

मी थोडं सावरून म्हटलं, "मामांना बोलावू. माहितीपत्रकं इंग्रजीत असतात, सोळा-सोळा भागांची, ते खरं. पण चित्रं आहेत ना. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये जगभरासाठी ठरवलेली पद्धत, नऊ चिन्हं. त्यांना भाषा लागत नाही."

"भाषा लागत नाही?" सरांनी आत हाक मारली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. मी पिशवीतलं पोस्टर उलगडलं. टोकावर उभे लाल चौकोन, आत काळी चित्रं. ज्वाला काकूंनी ओळखली. कवटी ओळखली. हातावर आणि धातूवर पडणारे थेंब बघून म्हणाल्या, "हे ॲसिड." मग सरांनी एका चित्रावर बोट ठेवलं : माणसाची छातीपर्यंतची आकृती, छातीत पांढरी चांदणी फुटलेली.

"हा मारुती ना?" काकू म्हणाल्या. "छाती फाडून राम दाखवणारा."

त्यांनी हे सहज, मनापासून म्हटलं होतं, आणि मला वाटतं मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात बहुतेक लोक तेच म्हणतील. छातीत तेज दिसलं तर आपल्याकडे ते भक्तीचं चिन्ह. त्या चित्राचा अर्थ मात्र कर्करोग, फुप्फुसाला इजा, वंशावर परिणाम. बेंझिनच्या बाटलीवर ते असतं. पोटॅशियम डायक्रोमेटच्या बाटलीवरही असतं.

"काचसामान धुवायचं क्रोमिक ॲसिड कशाचं?" सरांनी विचारलं.

"डायक्रोमेट आणि संहत सल्फ्युरिकचं."

"ते कोण बनवायचं? त्यात हात घालून पिपेट कोण धुवायचं?"

मी उत्तर दिलं नाही. आमच्या लॅबमधून ते केव्हाच हद्दपार झालंय. साध्या डिटर्जंटनं आणि गरम पाण्यानं बहुतेक काच निघते. हा बदल कॉलेजात उद्या सकाळी होऊ शकतो, त्याला निधी लागत नाही. पण धुणाऱ्याला ते का बदललं हे सांगितलं नाही, तर डाग निघाला नाही की जुनी बरणी पुन्हा कपाटातून खाली येणार.

दुसरा ड्रम भरत आला. सर ड्रमकडे बघत होते. "तुझ्या आयवॉशला किती पाणी लागतं गं?"

हा आकडा मला पाठ आहे. अमेरिकेतलं मानक डोळ्यांसाठी मिनिटाला दीड लिटर मागतं, पंधरा मिनिटं. म्हणजे साधारण तेवीस लिटर. अंगावरच्या शॉवरला मिनिटाला पंच्याहत्तर लिटर, म्हणजे पंधरा मिनिटांत अकराशेच्या वर.

"म्हणजे असे साडेपाच ड्रम," सर म्हणाले. "ते इथे कोणी देणार नाही. पण तेवीस लिटर म्हणजे पाण्याचा एक जार आणि वर एक तांब्या-दीड तांब्या. एवढं पाणी त्या दिवशी लॅबमध्ये असतं, तर?"

"सर, जार उचलून डोळ्यावर धरता येत नाही. दोन्ही डोळ्यांवर एकसारखी, हलकी धार लागते. दहा सेकंदांत तिथे पोचता आलं पाहिजे."

"मग उंचावर टाकी ठेव, तोटी लाव, नळीला दोन तोंडं कर. तीस लिटरची."

"साचलेल्या पाण्यात जंतू होतात. जखमी डोळ्याला ते वाईट."

"म्हणून दर पाण्याच्या दिवशी टाकी रिकामी करून, घासून, भरायची. आपण घरी काय वेगळं करतो?"

इथे मी बराच वेळ वाद घातला आणि काही मुद्द्यांवर अजूनही मागे हटलेले नाही. अर्धा लिटरच्या दाबायच्या बाटल्या लावून 'आयवॉश आहे' असं लिहायला माझा ठाम विरोध आहे. ती बाटली मिनिटभरही पुरत नाही, आणि अमोनिया किंवा कॉस्टिकसारखा अल्कली ॲसिडपेक्षा डोळ्यात खोल उतरत जातो, त्याला पंधरा मिनिटंसुद्धा कमी पडतात. पंधरा मिनिटांवर तडजोड नाही, हे मी सरांकडून कबूल करून घेतलं. टाकी मात्र त्यांची. आमच्या वाळूजच्या लॅबमध्ये स्टेनलेस स्टीलचा आयवॉश आहे, त्याची दर आठवड्याला तपासणी होते, आणि म्हणून टाकीची ही कल्पना मला सुचली नसती. ज्याच्या घरी नळ रोज येतो त्याच्यासाठी लिहिलेली मानकं मी तशीच्या तशी वाटायला निघाले होते.

दुसरा वाद क्षार विश्लेषणावरून झाला. मी म्हटलं, हूड नसेल तिथे हायड्रोजन सल्फाइड वापरायचाच नाही, बंद. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून मुलांना वाटतं की कळेल. पण प्रमाण वाढलं की तो वासच येईनासा होतो, नाक बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस तिथेच उभा राहतो. सरांचं म्हणणं, बंद करू नका, लहान करा. परीक्षानळीत पाच मिलीऐवजी टाईलवर दोन थेंब. सबंध वर्गाचं मिळून जेवढं रसायन लागायचं, तेवढ्यात वर्ष निघतं. खर्च कमी, कचरा कमी, धोका कमी, आणि रंग तोच दिसतो. थेंबावरचं काम मला पटतं. हूड नसलेल्या खोलीत सल्फाइड, थेंब असला तरी, मला पटत नाही. "व्हरांड्यात करा," सर म्हणाले. "वारा असतो." मी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. तो प्रश्न तिथेच राहिला.

कचऱ्याबद्दल आमचं फार बोलणं झालं नाही, कारण तिथे दोघांचंही एकमत होतं आणि दोघांनाही लाज वाटत होती. आमच्या कंपनीचा घातक कचरा नोंदवहीत चढतो आणि रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे जातो. कॉलेजातला बेसिनमध्ये जातो. कपाटांच्या मागच्या रांगेत लेबल गळून पडलेल्या बाटल्या असतात, डेडस्टॉक रजिस्टरात नावं असतात म्हणून कोणी हात लावत नाही. त्यांत कुठे पिक्रिक ॲसिड सुकून बसलेलं असलं, तर त्याच्या झाकणाच्या आट्यांत बसलेले स्फटिक नुसत्या घर्षणानं फुटू शकतात. अशी बाटली सापडली तर झाकण फिरवायचं नाही, हलवायची नाही, खोली बंद करून जाणकाराला बोलवायचं. मी पत्रिकेवर लिहून घेतलं : पहिल्या दिवशी व्याख्यान नाही, कपाट. प्रत्येकानं आपल्या लॅबच्या कपाटाची यादी आणायची, आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायला सुरुवात करायची.

तिसऱ्या ड्रमाच्या अर्ध्यावर नळ फुरफुरला आणि गेला. सरांनी पाईप गुंडाळला, ओट्यावर बसले आणि माझ्याकडून पेन मागितला. पत्रिकेत 'निमंत्रित'खाली सगळ्यात वर त्यांनी लिहिलं : प्रयोगशाळा परिचर व सहायक. पोस्टरच्या मागे, वळणदार अक्षरात, एक लेबल लिहिलं :

'लायकर अमोनिया. डोळे जातात. उघडण्याआधी बाटली अर्धा तास गार पाण्यात. चष्मा लावून, तोंड बाजूला. टाकीत पाणी आहे का, आधी बघा.'

"शेवटची ओळ कशाला?" मी विचारलं. "ती अमोनियाबद्दल नाही."

"त्या दिवशी मामांनी नळ आधी बघितला असता, तर बाटली उघडलीच नसती," सर म्हणाले. मग लेबल माझ्याकडे सरकवलं. "हे छापून घे, जाड अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी लावून प्रत्येकाच्या डोळ्यावर पंधरा मिनिटं धार सोडायची, घड्याळ लावून. प्राचार्य असो नाहीतर मामा. किती वेळ असतो ते कळू दे."

"म्हणजे तुम्ही येताय?"

"मामांना मी स्वतः जाऊन सांगतो. ते आले तर पहिलं सत्र त्यांचं, माझं नाही." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, तिथे काकूंनी नळाच्या तारखांना निळ्या पेनानं गोल केले होते. "आणि तारीख पाण्याच्या दिवसाची धर."